उत्पादक कंपनी चालवायची कशी? पांझरेच्या फडापासून केळीच्या पॅकहाऊसपर्यंत

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा पहिलाच हंगाम. केळीचा एक ट्रक पॅकहाऊसच्या, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरायच्या शेडच्या, फाटकात सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत उभा राहिला. एका संचालकाने मॅनेजरला सांगितलं होतं, माल आत घे. दुसऱ्याचा फोन आला, हा माल आपल्या सभासदाचा नाही, थांब. तिसरे म्हणाले, मी येतो तोवर हात लावू नको, आणि ते एका लग्नात अडकले. मे महिना, पारा ४५ च्या घरात. चार वाजता ताडपत्री काढली तेव्हा वरच्या थरातले घड काळे पडायला लागले होते. त्या रात्रीच्या बैठकीत तासभर एकाच विषयावर चर्चा झाली: मॅनेजर नालायक आहे. मीही मान हलवली.

मॅनेजर बदलला. पुढच्या हंगामात तेच झालं, फक्त ट्रक वेगळा होता.

तेव्हा कुठे मला शंका आली की दुखणं माणसात नसून रचनेत आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. व्यवस्थापनाचे सिद्धांत परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो होतो. ते पुन्हा काढून वाचले. बरेचसे अमेरिकेतल्या कारखान्यांत आणि फ्रान्समधल्या खाणींत जन्मलेले. त्यातले काही आमच्या उपयोगी पडले, काही नाहीत, आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट मामाच्या गावाला आधीपासूनच होती. गेल्या काही वर्षांत आम्ही जे जे करून पाहिलं ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं केळीची आहेत, पण मका, कांदा किंवा मिरचीच्या कंपनीलाही पायऱ्या त्याच.

आधी कायदा, थोडक्यात

उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली, त्यांच्याच मालकीची कंपनी; ती ना पूर्ण सहकारी सोसायटी, ना पूर्ण खासगी कंपनी. २००२ च्या दुरुस्तीने हा प्रकार कंपनी कायद्यात आला, आज तो २०१३ च्या कायद्याचा भाग आहे. किमान १० उत्पादक लागतात, संचालक ५ ते १५, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. शेअरवर मर्यादित परतावा देता येतो. उरलेली शिल्लक सभासदाने वर्षभरात कंपनीशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येते. आणखी एक अट आहे जिच्याकडे कुणी नीट बघत नाही: पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा, आणि तो सभासदांपैकी नसावा. मालकी एकीकडे, रोजचा कारभार दुसरीकडे, असा कायद्याचा हेतू. आम्ही एका संचालकाचा भाचा नेमला. तो सभासद नव्हता, म्हणजे अट पाळली. हेतू मात्र बुडवला.

२०२० च्या फेब्रुवारीत केंद्राची १०,००० उत्पादक संघटना उभारण्याची योजना आली. त्यात कार्यालय आणि पगाराच्या खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. या मदतीचा एक तोटा असा की तीन वर्षं पगार वेळेवर निघतो, म्हणून कंपनी चालली आहे असं वाटतं. खरी परीक्षा चौथ्या वर्षी. ज्यांचं पहिलं-दुसरं वर्ष चालू आहे त्यांनी खालची कामं आत्ताच करून घ्यावीत.

पायरी १ : महिनाभर अडकलेल्या कामांची वही ठेवा

कुठलाही सिद्धांत लावण्याआधी दुखणं ओळखायचं. शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: काय अडकलं, किती वेळ अडकलं, कोणाच्या शब्दासाठी थांबलं, नुकसान कोणाला झालं. मॅनेजरने रोज संध्याकाळी पाच मिनिटं भरायची. या वहीवरून कुणालाही रागवायचं नाही हे बैठकीत ठराव करून लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर वही कोरी येईल.

महिन्याअखेरीस नोंदींचे ढीग लावा. सभासद माल आणत नाहीत, हा एक. हुकमांचा घोळ, हा दुसरा. काम सावकाश किंवा खराब होतं, हा तिसरा. भांडणं मिटत नाहीत, हा चौथा. प्रत्येक ढिगाचं औषध वेगळं. १९६० च्या दशकातल्या संशोधकांनी हेच दाखवलं: सगळ्या संस्थांना लागू पडणारी एकच उत्तम रचना नसते, काम आणि भोवतालची परिस्थिती बघून ती ठरते. आमच्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी दुसऱ्या ढिगाच्या निघाल्या. आम्ही तोवर पैसे घालत होतो तिसऱ्या ढिगावर, नवं वजनयंत्र आणि नवे क्रेट घेण्यात.

पायरी २ : सभासद माल का आणेल, याचा हिशेब त्याच्या बाजूने करा

चेस्टर बर्नार्ड हा न्यू जर्सीतल्या टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष. १९३८ साली त्याने मांडलेलं म्हणणं साधं आहे. माणूस संस्थेला जे देतो त्यापेक्षा त्याला मिळतं ते जास्त वाटलं तरच तो टिकतो. संस्थेचं उद्दिष्ट साध्य होणं आणि माणसांचं समाधान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संस्था जगायला दोन्ही लागतात.

आमच्या सभांमध्ये भाषणं व्हायची, 'कंपनी आपली आहे, माल कंपनीलाच द्या.' टाळ्या वाजायच्या आणि दुसऱ्या दिवशी माल व्यापाऱ्याला जायचा. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. समजा १०० क्विंटल केळी. व्यापारी बांधावर १,५०० रुपये क्विंटलने रोख देतो: १,५०,००० रुपये. कंपनी १,५६० देते, पण ३ क्विंटल माल प्रतवारीत बाद होतो आणि ७०० रुपयांनी जातो. म्हणजे ९७ क्विंटलचे १,५१,३२० आणि बाद मालाचे २,१००, एकूण १,५३,४२० रुपये. कंपनीकडे ३,४२० रुपये जास्त. आता पैसे १२ दिवसांनी मिळाले आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर महिना दोन टक्क्यांची उधारी असेल, तर दीड लाखावर १,२०० रुपये व्याज गेलं. हातात २,२२० राहिले. पैसे ३० दिवसांनी मिळाले तर व्याज ३,०००, राहिले ४२०. चारशे वीस रुपयांसाठी महिनाभर चकरा कोण मारेल?

हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सभासदांच्या 'निष्ठे'वर बोलणारे आम्ही सगळे गप्प झालो. भाव वाढवणं आमच्या हातात फारसं नव्हतं, पैसे लवकर देणं होतं. खेळत्या भांडवलाचं कर्ज काढलं आणि नियम केला: प्रतवारीच्या दिवशी ७० टक्के रक्कम खात्यावर, बाकी ८ दिवसांत. माल वाढला. तुमच्याकडे हिशेब वेगळा निघेल. वाहतूक, तोलाई, कापणीची मजुरी कोण देतो हे सगळं धरा, आणि हा हिशेब संचालकाच्या शेताचा न करता दोन-तीन एकरवाल्या सभासदाचा करा.

पायरी ३ : नियम फडासारखे बांधा

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा जीव या पायरीत आहे.

मामाचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. नदीवर जुना बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, ते फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळाच्या सगळा पडीक ठेवायचा. पाणी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि वर गावाने मानलेले पंच. पाटकऱ्याचं मानधन पूर्वी पिकातून मिळायचं, म्हणजे पीक चांगलं आलं तर त्याचंही भलं. पांझरा आणि बागलाणातल्या मोसम-आरम या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. इतक्या काळात किती राजवटी आल्या-गेल्या ते मोजा. लहानपणी मी मामाला विचारलं होतं की रात्री दोन वाजता पाणी द्यायला कशाला उठता. तो म्हणाला, "पाळी चुकनी का पानी गयं."

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने सामाईक साधनं सांभाळणाऱ्या जगभरच्या व्यवस्था तपासल्या: स्पेनमधल्या वालेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधले शेतकऱ्यांचे पाणीसंघ, स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानी गावांची राखीव रानं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत आठ लक्षणं सारखी आढळतात असं तिने १९९० साली मांडलं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं. ते मिळवणारी ती पहिली महिला. ती आठ लक्षणं वाचताना मला पानोपानी मामाचा पाट दिसत होता. आठही इथे सांगत नाही, ज्यांनी आमच्या कंपनीत फरक पडला तेवढी सांगतो.

आत कोण, बाहेर कोण, हे स्पष्ट हवं. फडात कोणाची किती जमीन हे सगळ्या गावाला पाठ असतं. आमच्या कंपनीच्या यादीत चारशेच्या वर नावं, पण त्यातल्या कितींकडे केळी आहे हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं. काही नावं तर संख्या भरावी म्हणून घातलेली. दर हंगामाआधी लागवडीची नोंद घ्या: मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), किती खोडं, कापणी साधारण कोणत्या महिन्यात. नियमावलीत तरतूद असेल तर मतदानाचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवायला कायदा परवानगी देतो. ती तरतूद नोंदणीच्या वेळीच घाला, नंतर घालताना फार कटकट होते.

पाळलेल्या नियमाचा फायदा आणि त्याचा भार यांचं प्रमाण जुळायला हवं. जो जास्त माल देतो त्याला जास्त बोनस, हे कायद्यातच आहे. पण बोनस वर्षाच्या शेवटी मिळतो आणि तोवर विसरला जातो. प्रत्येक पावतीवर 'आतापर्यंतचा तुमचा व्यवहार' असा आकडा छापायला सुरुवात करा. खर्च शून्य, परिणाम मोठा.

नियम ज्यांना लागू त्यांनीच तो केलेला असावा. आम्ही प्रतवारीचे निकष आधी कार्यालयात बसून ठरवले होते: फळाची लांबी, जाडी, डाग. सभासदांना ते व्यापाऱ्याच्या कटतीसारखेच वाटले. मग प्रत्येक गावातून दोघांना पॅकहाऊसवर बोलावलं, वीस घड समोर ठेवले आणि म्हटलं, तुम्हीच बाद करा. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त माल बाद केला.

राखण करणारा सभासदांना बांधील हवा. जागल्याला गाव विचारू शकतं. आमच्या वजनकाट्यावर रोज एक सभासद पाळीने बसतो, पाळीचा तक्ता भिंतीवर. काट्यात कधी घोळ होता असं मी म्हणत नाही. पण घोळ आहे अशी कुजबुज होती, आणि माल दुसरीकडे वळायला तेवढीही पुरते.

शिक्षा लहान सुरू व्हावी आणि पायरीने वाढावी. इथे बहुतेक कंपन्या चुकतात. एकतर काहीच करत नाहीत, नाहीतर एकदम 'सभासदत्व रद्द करा' म्हणून उठतात, आणि तेही शेवटी होत नाही कारण समोरचा कोणाचा तरी व्याही असतो. नोंदवलेला माल न सांगता बाहेर विकला तर आमच्याकडे पहिल्या वेळी नुसतं गावबैठकीत नाव वाचतात. दुसऱ्या वेळी त्या हंगामाचा बोनस कमी. तिसऱ्या वेळी पुढच्या हंगामात पॅकहाऊसची पाळी सगळ्यांच्या शेवटी. आजवर तिसऱ्या पायरीपर्यंत एकच जण पोचला आहे. ऑस्ट्रॉमलाही हेच दिसलं होतं: टिकलेल्या व्यवस्थांत दंड आश्चर्य वाटावं इतका लहान असतो, पण तो खरोखर होतो.

आणि तक्रार लवकर, जवळ, फुकटात ऐकली जावी. वालेन्सियात पाण्याचं न्यायमंडळ दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतं, वकील नाही, कागद नाही, निकाल तिथेच. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी आठ ते नऊ तीन सभासद पॅकहाऊसच्या ओट्यावर बसतात. त्यात संचालक एकही नाही.

पायरी ४ : एका माणसाला एकाचाच हुकूम

हेन्री फेयॉल हा फ्रेंच खाण अभियंता. १८८८ साली बुडायला आलेल्या एका खाण कंपनीचा तो मुख्य झाला आणि ती त्याने सावरली. १९१६ साली त्याने १४ तत्त्वं मांडली. त्यातलं एकच पाळलं असतं तर आमचा पहिला ट्रक वाचला असता: एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा.

आमच्याकडे दहा संचालक आणि एक मॅनेजर. प्रत्येक संचालकाला वाटायचं आपण मालक. पिढ्यान्‌पिढ्या सालदार ठेवलेली माणसं आम्ही; शिकलेल्या मॅनेजरशीही नकळत तसंच वागायचो. खरं तर सालदारालाही आपण जास्त नीट वागवतो: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं तेव्हा काम काय, पैसे किती, धान्य किती, सुट्टी कधी, सगळं तोंडातोंडी का होईना आधी ठरलेलं असतं, आणि त्याला सांगणारा मालकही एकच असतो. मॅनेजरच्या नेमणूकपत्रात मात्र एकच ओळ होती: 'संचालक मंडळ सांगेल ती कामे.'

एका कागदावर नेहमीच्या वीसेक निर्णयांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. नमुना देतो. माल आत घ्यायचा की नाही: मॅनेजर, लेखी निकषांवर. रोजचा भाव: मॅनेजर आणि अध्यक्ष मिळून, सकाळी साडेसातपर्यंत, अध्यक्षांचा फोन लागला नाही तर मॅनेजर एकटा. २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी: मॅनेजर. त्याच्या वर: खरेदी समिती, दोन दिवसांत. नोकर नेमणं: मंडळ. नवा व्यापारी जोडणं: मंडळ. उधारीवर माल देणं: कोणीही नाही. कागद कार्यालयात लावा आणि संचालकाने परस्पर हुकूम दिला तर मॅनेजरने फक्त एक वाक्य बोलायचं, 'आप्पा, वहीत लिहा, सोमवारच्या बैठकीत घेऊ.' हे वाक्य त्याला बोलता यावं म्हणून अध्यक्षांनी पहिल्या दोन-तीन वेळा त्याच्या पाठीशी उघडपणे उभं राहायला हवं. ते जमलं नाही तर कागद फाडून टाका, उपयोग नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यानेही लेखी नियम आणि पदाला अधिकार हीच गोष्ट सांगितली. आपण तिला नोकरशाही म्हणून नावं ठेवतो. पण जिथे निम्मे सभासद एकमेकांचे सोयरे आहेत तिथे 'नियम सगळ्यांना सारखा' ही फार मोठी सोय आहे. मॅनेजरला व्याह्याशी वाईटपणा घ्यावा लागत नाही. नाही म्हणायचं काम कागद करतो.

पायरी ५ : पॅकहाऊसचं काम उभं राहून बघा

फ्रेडरिक टेलरचं नाव काढलं की लोक घड्याळ लावून मजुरांना पिळणारा माणूस म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण बेथलहेमच्या पोलाद कारखान्यातला त्याचा फावड्यांचा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका फावड्यात साधारण साडेनऊ किलो भार असला की दिवसभरात सगळ्यांत जास्त माल हलतो, असं त्याला आढळलं. म्हणून कोळशाच्या हलक्या चुऱ्याला मोठं फावडं आणि जड खनिजाला लहान, अशी वेगवेगळी फावडी त्याने दिली. माणसाला पळवण्याआधी हत्यार बदला.

पूर्ण एक दिवस पॅकहाऊसमध्ये काही न बोलता उभे राहा. घड उतरतो, फण्या सुटतात, चीक जाण्यासाठी तुरटीच्या पाण्यात पडतात, धुतल्या जातात, प्रत लागते, वजन होतं, खोक्यात भरल्या जातात. निर्यातीच्या खोक्यात साधारण १३ किलो. आमच्याकडे हौदाचा कठडा इतका बुटका होता की बाया दिवसभर वाकून उभ्या असायच्या, आणि काटा खोक्यांपासून पंधरा पावलांवर, कारण विजेचा बोर्ड तिथे होता. बोर्ड हलवायला इलेक्ट्रिशियनने फार पैसे घेतले नाहीत. दोन वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. एका ताईला विचारलं, आधी का नाही सांगितलं? "तुम्ही इचारलं कधी?"

मग मोबदला. आधी रोजंदारी होती, काम सावकाश. म्हणून खोक्यामागे दर लावला, उक्त्यासारखा. खोकी दीडपट झाली आणि घासलेल्या फळांच्या तक्रारीही वाढल्या. एका गोष्टीचे पैसे द्यायचे आणि दुसरीची अपेक्षा ठेवायची, या मूर्खपणावर स्टीव्हन केर याने १९७५ साली छान लिहिलं आहे. आता आम्ही रोजंदारी पूर्ण देतो आणि वर सगळ्या टोळीला मिळून बक्षीस, तेही व्यापाऱ्याकडून माल परत आला नाही तरच.

टोळीला मिळून का? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका गटाचं निरीक्षण झालं. जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळणार असूनही दिवसाला किती काम करायचं हे गटाने आपापसांत ठरवलं होतं, आणि जो जास्त करी त्याच्या दंडावर गुद्दा बसे. दर वाढवून हे मोडत नाही. आमच्या कापणी टोळीतही तसाच अलिखित आकडा आहे, मुकादमाला तो माहीत असतो आणि तो आपल्याला सांगत नाही. मुकादमाला बैठकीत खुर्ची द्या, चहा द्या, हंगामाचं नियोजन त्याच्यासमोर करा. टोळीचं मन वळवण्याचा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

पायरी ६ : भांडण निम्मं-निम्मं वाटू नका

मेरी पार्कर फॉलेट या बाईंनी १९२५ च्या सुमारास दिलेलं उदाहरण: ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, कारण एकाला हवा हवी होती आणि दुसऱ्याला अंगावर वारा नको होता. दोघांनाही खिडकीशी देणंघेणं नव्हतं.

आमच्याकडे दोन गावांत 'पहिली पाळी कोणाची' यावरून वर्षभर अबोला. तडजोड म्हणून दिवसाआड पाळी दिली, दोन्ही गावं नाराज. नीट विचारल्यावर कळलं की एका गावाला सकाळचा भाव हवा होता आणि दुसऱ्याला रस्ता खराब असल्याने अंधाराआधी ट्रॅक्टर घरी न्यायचा होता. भाव दिवसभरासाठी एकच केला आणि पहिली पाळी दुसऱ्या गावाला दिली. संपलं.

पायरी ७ : वादळाच्या दिवसाची वेगळी व्यवस्था ठरवून ठेवा

बर्न्स आणि स्टॉकर या दोघांनी १९६१ साली दाखवलं की स्थिर वातावरणात पायऱ्या-नियमांची रचना चालते आणि वेगाने बदलणाऱ्या वातावरणात मोकळी. खान्देशात दोन्ही वातावरणं एकाच वर्षात येतात. नोव्हेंबरात वरचा निर्णयांचा कागद उत्तम. मे-जूनमध्ये वादळ येऊन रात्रीत बाग आडवी होते तेव्हा दोन दिवसांत खरेदी समिती म्हणजे चेष्टा. म्हणून मे महिना लागण्याआधी एक ठराव करून ठेवा: बागा पडल्यास ७२ तासांसाठी मॅनेजर, एक संचालक आणि मुकादम या तिघांना पूर्ण अधिकार, खर्चाची मर्यादा आधीच लिहिलेली, आणि चौथ्या दिवशी सगळा हिशेब मंडळापुढे. पंचनाम्यासाठी फोटो कोण काढणार, विमा कंपनीला कोण कळवणार, हेही त्यातच.

पायरी ८ : मोजा, पण एकच आकडा मोजू नका

संस्था 'परिणामकारक' आहे म्हणजे काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी म्हणतं उद्दिष्ट गाठलं का ते बघा. कोणी म्हणतं संस्थेला माल, पैसा, माणसं मिळवता येतात का. कोणी म्हणतं आतलं काम सुरळीत आहे का. कोणी म्हणतं संबंधित लोक समाधानी आहेत का. मला चारही पटतात, म्हणून दर महिन्याला चार आकडे: सभासदांच्या नोंदवलेल्या मालापैकी किती टक्के कंपनीत आला, शेतकऱ्याला पैसे मिळायला सरासरी किती दिवस लागले, किती खोकी परत आली, आणि किती सभासद मागच्या हंगामानंतर पुन्हा आले.

एका वर्षी आम्ही फक्त उलाढालीचं लक्ष्य दिलं होतं. मॅनेजरने ते गाठलं. कसं, तर बाहेरच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन आपल्या नावाने विकला. उलाढाल दणदणीत, सभासदांचा माल मात्र आदल्या वर्षापेक्षा कमी. त्याचा दोष नव्हता. जे मोजलं ते त्याने दिलं.

हे चार आकडे वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत अर्ध्या पानावर छापून पाठवा. नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि नियमावलीत जास्त सांगितलं नसेल तर एक चतुर्थांश सभासद हजर हवेत. केळीच्या ऐन कापणीत सभा ठेवली तर तेवढे येत नाहीत, हे आम्ही दोनदा अनुभवलं. आकडे आधी हातात असले की सभेत प्रश्न वेगळे येतात. नाश्त्यात भजी का नव्हती यावरून गाडी 'पैशाला अकरा दिवस का लागले' यावर येते.

गेल्या महिन्यात आमच्या सध्याच्या मॅनेजरने माझाच माल परत पाठवला, अकरा क्विंटल, लांबी कमी म्हणून. मी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या सवयीने अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "वहीत लिहा. सोमवारी ओट्यावर या, आठ वाजता."

गेलो. तिघांनी फण्या मोजून पाहिल्या आणि माल बादच ठरवला.